उन्हाळी मशागतीची भाषा आणि मराठी ग्रामीण साहित्यातील कर्ता

१

मराठी ग्रामीण साहित्याची जी समीक्षा आजवर झाली आहे, तिचे लक्ष मुख्यतः दोन गोष्टींकडे राहिले आहे : बोलीचा उपयोग आणि निसर्गाचे चित्रण. एखाद्या कादंबरीतील संवाद कितपत अस्सल आहेत, पावसाळी रानाचे वर्णन कितपत जिवंत आहे, या प्रश्नांची चर्चा विपुल आढळते. परंतु शेत हे मूलतः कामाचे ठिकाण आहे, आणि म्हणून काम करणारा माणूस त्या साहित्याच्या वाक्यरचनेत कोठे उभा आहे, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच विचारला गेला आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आणि त्यासाठी वर्षातील एक विशिष्ट काळ निवडला आहे, तो म्हणजे वैशाखाच्या मध्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंतचा उन्हाळ्याचा शेवटचा भाग.

हा काळ निवडण्याचे कारण असे की, या दिवसांत शेतात दाखविण्याजोगे काहीच नसते. पीक उभे नसते, पाट वाहत नसतो, हिरवा रंग नसतो. निसर्गवर्णनाच्या दृष्टीने हे रान रिकामे होय. मात्र छोट्या शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने पाहता वर्षभराच्या पिकाचा पाया याच दिवसांत घातला जातो. जेथे निसर्ग लेखकाच्या मदतीस येत नाही, तेथे काम आणि माणूस एवढेच शिल्लक राहतात. त्यामुळे लेखकाची कामाविषयीची जाण पारखण्यास हा काळ विशेष उपयोगी पडतो.

२

प्रथम या कामांचे स्वरूप पाहिले पाहिजे. रब्बीची ज्वारी, हरभरा, गहू निघाल्यावर देशावर जमीन नांगरून टाकतात. नांगराने उलटलेली मोठी ढेकळे उन्हात तापू द्यावयाची असतात; त्यामुळे तणांच्या मुळ्या वाळतात आणि पुढे वळिवाची एखादी सर आली की तीच ढेकळे सहज फुटतात. त्यानंतर कुळवाच्या पाळ्या सुरू होतात. खानदेशात व विदर्भात कुळवाऐवजी वखर हा शब्द रूढ आहे. कपाशीच्या रानात पऱ्हाट्या उपटून सरपणासाठी घरी आणावयाच्या असतात. धसकटे वेचणे, हराळी व कुंदा यांच्या काशा खणून बांधावर टाकणे, उकिरडा उपसून खत गाडीने रानात नेणे व त्याचे ढीग पसरणे, फुटलेले बांध व ताली घालून घेणे, विहिरीतील गाळ काढणे, ही सर्व कामे याच अवधीतील होत. सूर्य मेच्या २५ तारखेच्या सुमारास रोहिणी नक्षत्रात व जूनच्या ७-८ तारखेस मृगात प्रवेश करतो. या दोन तारखांचा धाक या सर्व कामांवर असतो.

कोकणात याच काळाचे रूप वेगळे आहे. तेथे झाडांच्या फांद्या तोडून कवळ आणावयाची, तिच्यावर शेण, गवत, पालापाचोळा व माती यांचे थर घालून रोपवाटिकेची जागा भाजावयाची, हे काम उन्हाळाभर चाललेले असते. त्यास भाजावळ म्हणतात. पाऊस पडण्यापूर्वीच कोरड्या मातीत भात पेरण्याची धूळवाफ्याची रीतही तेथे आहे.

या यादीत घराच्या आसपासची कामे बहुधा धरली जात नाहीत. वास्तविक ती शेतीचीच कामे आहेत. कडब्याची गंजी पावसापासून झाकणे, घर व गोठा शाकारणे, गोवऱ्या रचून ठेवणे, राखेत जपलेले बी बाहेर काढून वाळविणे व एकेक दाणा निवडणे, वर्षभर पुरेल अशा बेताने शेवया, कुरडया, सांडगे करून ठेवणे, यांपैकी एकही काम चुकले तर आषाढात कुटुंबाची व जनावरांची उपासमार होते.

हे सर्व कोण करते? २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतातील शेतजमिनीच्या खातेदाराचे सरासरी क्षेत्र १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांहूनही कमी होते. महाराष्ट्रात ते १.३४ हेक्टर होते. देशातील सुमारे ८६ टक्के खाती दोन हेक्टरांच्या आतील होती. एवढ्या क्षेत्रावर कायमचा सालगडी परवडत नाही. पुरुष, त्याची बायको, म्हातारे आईबाप आणि शाळेच्या सुट्टीतील मुले, हेच त्या शेताचे मनुष्यबळ. अडीनडीला सावड होते किंवा चार दिवसांपुरती रोजंदारीची माणसे लावली जातात. छोट्या शेतातील बहुतेक श्रम म्हणजे मजुरी न मिळणारे, आणि म्हणून कोणत्याही हिशेबात न येणारे, कुटुंबाचे श्रम होत.

३

आता या कामांच्या नावांकडे वळू. नांगरणी, कुळवणी, वखरणी, पेरणी, कोळपणी, खुरपणी, कापणी, मळणी, उफणणी : शेतकामांच्या नावांचा हा क्रम म्हणजे एका प्रत्ययाची मालिकाच आहे. धातूला ‘-णी’ लागून स्त्रीलिंगी क्रियावाचक नाम सिद्ध होते. यातील काही नामांचा मूळ धातू स्वतंत्र आहे. उदाहरणार्थ पेर, काप, मळ. परंतु पुष्कळ नामांची घडण तीन पायऱ्यांची आहे. प्रथम अवजाराचे नाव : नांगर, कुळव, वखर, कोळपे, खुरपे. त्यापासून क्रियापद : नांगरणे, कुळवणे, वखरणे, कोळपणे, खुरपणे. आणि त्या क्रियापदापासून पुन्हा नाम : नांगरणी, कुळवणी, वखरणी, कोळपणी, खुरपणी. या घडणीत अवजार शब्दाच्या पोटात टिकून राहते. ते धरणारा माणूस मात्र कोठेच उरत नाही.

याच प्रत्ययाचा दुसरा उपयोग साधनांची नावे करण्याकडे होतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे : चाळणी, गाळणी, फुंकणी, लेखणी. म्हणजे ‘-णी’ हा प्रत्यय क्रिया तरी सांगतो किंवा साधन तरी. कर्ता सांगण्यासाठी मराठीला नांगऱ्या, औत्या, पेरणारा असे निराळे शब्द घडवावे लागतात, आणि ते या नामांइतके सर्वत्र चालत नाहीत.

या नामांची वाक्यातील वागणूकही तशीच आहे. ‘नांगरणी झाली’, ‘पेरणी आटोपली’, ‘कुळवणी राहिली आहे’ अशी वाक्ये शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. त्यांचे व्याकरणदृष्ट्या कर्तृपद म्हणजे कामाचे नावच असते. काम स्वतःहून झाले, आटोपले वा राहिले, अशी ही रचना आहे. माणूस आणावयाचाच झाला तर तो षष्ठीत येतो : ‘रामाची पेरणी झाली.’ या षष्ठीचा अर्थ मोठा मनोरंजक आहे. राम पेरणारा आहे की शेताचा धनी आहे, हे तिच्यावरून कळत नाही. पाभर चालविताना एकजण बैल हाकतो आणि दुसरे माणूस, बहुधा घरातील स्त्री, चाड्यावर मूठ धरून चालते. दाणे किती दाट पडावेत हे त्या मुठीवर अवलंबून असते. तरीही ती पेरणी रामाचीच ठरते. धनीपणाची षष्ठी कर्तेपणाच्या षष्ठीला झाकून टाकते.

कर्त्याचा हा लोप मराठीतच आढळतो किंवा तो शेतीपुरताच आहे, असा येथे दावा नाही. ‘लग्न झाले’, ‘बांधकाम संपले’ या रचनाही अशाच आहेत. फरक इतकाच की, बांधकामावर हजेरीपट असतो, सुताराला व गवंड्याला त्यांची मजुरी मिळते, म्हणजे भाषेने वगळलेला कर्ता अन्य ठिकाणी नोंदलेला असतो. कुटुंबाच्या शेतात ही दुसरी नोंद नसते. तेथे भाषेने ज्याला वगळले, तो सर्वत्रच वगळला जातो.

खुद्द ‘मशागत’ या शब्दाचा इतिहासही येथे साक्षीला आणता येईल. अरबी ‘मशक्कत’ या शब्दाचे हे मराठी रूप होय. त्याचा मूळ अर्थ कष्ट, मेहनत असा आहे. मराठीत स्थिरावताना तो जमिनीवर केलेल्या संस्काराचा वाचक झाला. ‘रानाची मशागत चांगली आहे’ असे म्हणताना रानाचे वर्णन होते, ते करणाऱ्याच्या थकव्याचे नव्हे. जो शब्द माणसाच्या अंगातील शीण सांगत होता, तो आता मातीची अवस्था सांगतो.

४

नावे मिळालेल्या कामांपेक्षा नाव न मिळालेली कामे अधिक बोलकी आहेत. धसकटे वेचणे, काशा गोळा करणे, शेण काढणे, जनावरांना पाणी दाखविणे, रानात भाकरी पोचविणे, बी निवडणे : यांचा निर्देश कर्म आणि क्रियापद अशा दोन शब्दांनीच करावा लागतो. ‘काशा गोळा झाल्या, आता पेरणी’ असे कोणी म्हणेल. परंतु या कामाला कुळवणीसारखे एक ठसठशीत नाम मिळालेले नाही. आणि ही कामे बहुतांशी बायकांची, मुलांची व म्हाताऱ्यांची आहेत. हा नियम काटेकोर नाही, हे मान्य केले पाहिजे. कापसाची वेचणी बायकांची आहे, खुरपणीही त्यांचीच, आणि तणकाढणीला कोल्हापूर-साताऱ्याकडे भांगलण व विदर्भ-खानदेशाकडे निंदण अशी स्वतंत्र नावे आहेत. परंतु या अपवादांत एक समान धागा दिसतो. ज्या कामाला रोजंदारीने माणसे लावावी लागतात, ज्याचा दर ठरतो, त्याला नाव मिळते. जे काम घरच्या घरी फुकट होते, ते विनानावाचे राहते.

रोजंदारीची भाषाही पाहण्याजोगी आहे. ‘आज निंदायला दहा बाया लावल्या’ या वाक्यात बाया हे कर्म आहे, आणि ‘लावणे’ हे क्रियापद मोटेला बैल लावणे, इंजिन लावणे या प्रयोगांतलेच आहे. येथे स्त्री साधनाच्या जागी आली. तरी निदान तिची संख्या सांगितली गेली. त्याच दिवशी त्या दहाजणींबरोबर वाकून निंदणारी घरची सून या संख्येत धरलेली नसते. अकरावी बाई भाषेलाही दिसत नाही.

यावर असे म्हणता येईल की, मराठीत कर्त्याचे एक जुने नाव आहेच, आणि ते सर्व कुटुंबाला व्यापणारे आहे. ‘कुणबी’ हा शब्द संस्कृत ‘कुटुम्बिन्’ यापासून आला, असे सामान्यतः मानले जाते. जमीन कसणारा तो कुटुंबवान, हा अर्थ त्यात आहे. म्हणजे शेत करणारे घटक कुटुंब होय ही जाणीव शब्दाच्या मुळाशी होती. परंतु कालांतराने तो जातिवाचक झाला, आणि ‘कुटुंब’ या शब्दाचा ‘बायको’ असाही एक अर्थ मराठीत रूढ झाला. एकीकडे ‘शेतकरी’ हा पुल्लिंगी कर्ता आणि दुसरीकडे ‘त्याचे कुटुंब’ अशी फाळणी झाली. ‘शेतकरीण’ हे रूप व्याकरणाने सिद्ध असूनही व्यवहारात दुर्मिळच राहिले.

५

भाषेने वगळलेल्या या कर्त्याला साहित्याने परत आणले काय? या दृष्टीने काही प्रमुख कृतींचा विचार करता येईल.

पहिले उदाहरण ‘बहिणाबाईची गाणी’ हे होय. बहिणाबाई चौधरी १९५१ साली निवर्तल्या आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी जपलेली ही गाणी १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. त्यांतील शेतकामाच्या गाण्यांची शीर्षके पाहिली तर ती वर चर्चिलेल्या मालिकेतलीच आहेत. प्रत्यय तेवढा त्यांच्या बोलीप्रमाणे ‘-नी’ असा होतो. परंतु शीर्षकाखालच्या गाण्याची रचना अगदी निराळी आहे. तेथे क्रियावाचक नामांपेक्षा आज्ञार्थ आणि संबोधन यांचे राज्य आहे. कोणाला तरी हाक मारली जाते, काहीतरी करावयास सांगितले जाते, बैलाशी, धरणीशी, अवजाराशी बोलणे चालते. आज्ञार्थाला बोलणारा आणि ऐकणारा असे दोघे लागतात. त्यामुळे कामाच्या नावाने जो माणूस गाळला होता, तो क्रियापदाच्या रूपाने परत येतो. आणि बोलणारी स्वतः काम करणारी स्त्री असल्यामुळे चाड्यावरची मूठ कोणाची, हा प्रश्न येथे उरत नाही.

खेद एवढाच की, बहिणाबाईंच्या वाचनात समीक्षेने हीच गोष्ट मागे ढकलली. त्यांच्या ओळी सुविचारांसारख्या उद्धृत होऊ लागल्या, त्यांच्यातील जीवनविषयक तत्त्वज्ञानाचे कौतुक झाले. ते अनाठायी नाही. पण गाण्यातून विचार काढून घेतला आणि काम तेथेच टाकून दिले, की बहिणाबाईंचे वैशिष्ट्य निम्मे नाहीसे होते. त्यांचा विचार हा कामाच्या हालचालीतून निघालेला आहे, कामाविषयी बाहेरून केलेला नाही.

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही दुसऱ्या टोकाची कृती आहे. येथे निवेदक माणदेशातील धनगरांच्या वाडीवर आलेला शाळामास्तर आहे. तो पाहणारा आहे, करणारा नव्हे. असे असूनही या कादंबरीत एक प्रसंग असा येतो की, मराठीतील शेतकामाच्या चित्रणात त्याला तोड सापडणे कठीण. जोडीला दुसरा बैल मिळत नाही, तेव्हा शेकूची बायको स्वतः बैलाच्या बरोबरीने औताला जुंपून घेते. लेखकाने यावर भाष्य करण्याचे टाळले आहे, आणि त्यातच त्याचे सामर्थ्य आहे. परंतु वाचकाने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. घरच्या स्त्रीचे श्रम निवेदकाच्या नजरेत सर्वांत ठळकपणे भरतात, ते ती जनावराची जागा घेते तेव्हा. त्या आधीची तिची कामे विनानावाची होती, म्हणून ती मास्तरालाही सहसा दिसली नाहीत. पाहणाऱ्या निवेदकाची ही मर्यादा आहे. आणि माडगूळकरांच्या प्रामाणिकपणामुळेच ती आपल्याला कळू शकते.

आनंद यादव यांच्या दोन कृतींत हा प्रश्न आणखी पुढे गेला. ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीचा निवेदक शेतावरचा गडी आहे, आणि सर्व निवेदन त्याच्याच बोलीत आहे. मालकाच्या शेतावर ट्रॅक्टर येतो, जनावरे जातात, आणि ज्या जनावरांच्या संगतीत या एकाकी माणसाचे आयुष्य गेले ती नाहीशी होतात. वरील विवेचनाच्या संदर्भात या कादंबरीचे महत्त्व असे की, अवजार बदलले तरी कामाचे नाव तेच राहते. ट्रॅक्टरने केली तरी ती नांगरणीच. नावाच्या या अखंडपणामुळे बाहेरच्या माणसाला काहीच घडले नाही असे वाटावे. गडी स्वतः बोलू लागतो तेव्हाच कळते की, त्या नावाच्या आतील सारे जग बदलले.

‘झोंबी’ (१९८७) हे यादवांचे आत्मचरित्र तर कुटुंबाच्या शेतीचेच आहे. १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या ग्रंथात शेतावर राबविला जाणारा मुलगा आणि त्याला शाळा सोडावयास लावणारा बाप यांचा झगडा आहे. या झगड्याचा निकाल ज्या अटींवर लागतो, त्या अटी म्हणजे कुटुंबातील फुकट श्रमाचा मराठी साहित्यातील एक दुर्मिळ हिशेब होय : सकाळी अकरापर्यंत रानात पाणी पाजावयाचे, तेथूनच परस्पर शाळेला जावयाचे आणि शाळा सुटल्यावर तासभर जनावरे चारावयाची. मुलाच्या श्रमाला येथे प्रथमच तास पडले. ‘पाणी पाजणे’ हा प्रयोगही अर्थपूर्ण आहे. पाजणे हे प्रयोजक क्रियापद आहे. त्याला पाजणारा आणि पिणारा असे दोघे हवेतच. सिंचन झाले, या पुस्तकी वाक्यात पोर नाहीसे होते. उसाला पाणी पाजले, या वाक्यात ते वाफ्याच्या तोंडाशी उभे राहते. यादव शेतकामाची क्रियापदे जपतात, ती बोलीच्या हौसेने नव्हे. त्या क्रियापदांशिवाय त्यांना आपल्या बालपणाची फिर्याद मांडता आली नसती.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) कोरडवाहू शेतीची व शिकून बेकार राहिलेल्या तरुणाची कथा आहे. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. येथे कर्त्यापुढची अडचण नवीन आहे. हात आहेत, कामही आहे; पण मृगापूर्वी बियाणे आणि खत यांची जुळणी पैशावाचून होत नाही. पूर्वी बी घरच्या मडक्यातून निघे, आता ते दुकानातून आणावे लागते. त्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीची धास्ती कामापेक्षा कर्जाशी अधिक जोडली गेली. कुटुंबातील माणसे शेताचे कर्ते राहूनही आपल्या हंगामाचे कर्ते राहिली नाहीत, हा या कादंबरीने दाखविलेला बदल होय.

६

येथे एक आक्षेप संभवतो. कोण किती राबले याची मोजदाद हे समाजशास्त्राचे काम आहे. तो वाङ्मयीन मूल्याचा निकष कसा होऊ शकेल? कष्टांची नोंद केली म्हणून कादंबरी चांगली ठरत नाही, हे खरेच आहे. श्रमांची यादी देणाऱ्या कितीतरी नीरस कथा मराठीत लिहिल्या गेल्या आहेत. परंतु प्रस्तुत निकष नोंदीचा नसून शब्दाच्या वागणुकीचा आहे.

उदाहरणादाखल दोन वाक्ये रचून पाहू. ‘वैशाखवणव्यात पारू दिवसभर रानात राबत होती.’ दुसरे : ‘कुळवाची पाळी पुढे गेली की पारू मागून काशा उचलायची; ओट्यात मावेनाशा झाल्या की बांधावर टाकून यायची, तोवर कुळव पुढच्या टोकाला पोचलेला असायचा.’ पहिल्या वाक्यात दया आहे, काम नाही. ‘राबणे’ या क्रियापदाखाली कोणतेही काम बसू शकते. दुसऱ्या वाक्यात दयेचा शब्द नाही. तरी कुळवाचा वेग आणि पारूची फेरी यांतील शर्यत त्यात दिसते, आणि ती तिला कधीच जिंकता येणार नाही हेही कळते. येथे ‘कुळव’ आणि ‘काशा’ हे शब्द प्रादेशिक रंग भरण्यासाठी आलेले नाहीत. ते काढले तर वाक्यच उरत नाही.

ग्रामीण कथांच्या शेवटी शब्दार्थांची सूची जोडण्याची जी रीत पडली, तिची पारखही याच कसोटीने करता येईल. सूचीतील प्रतिशब्द मजकुरात घातल्यावर जर काहीच बिघडत नसेल, तर तो बोलीशब्द अलंकार होता. बिघडत असेल, तर तो शब्द काम करीत होता. अशी कसोटी लावल्यास पुष्कळशा प्रशंसित ग्रामीण लेखनातील शब्द अलंकाराच्या वर्गात जातील. आणि ज्या कृतींचा वर निर्देश केला त्या टिकून राहतील.

७

शेवटी सध्याच्या स्थितीविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. शेतीची अवजारे बदलत असताना क्रियापदांची घडणही बदलत आहे. नांगरापासून नांगरणे झाले, कोळप्यापासून कोळपणे झाले. पण रोटाव्हेटरपासून असे क्रियापद झाले नाही. ‘रोटर मारला’, ‘तणनाशक मारले’ अशा रचना आज सर्वत्र ऐकू येतात. ‘फवारणी’ हा जुन्या घडणीचा शब्द चालतो, पण तो विरळाच. ‘मारणे’ हे सर्व कामांना सारखेच लागू पडणारे क्रियापद आहे. जमीन किती खोल गेली, ओल होती की नव्हती, पाळी उभी की आडवी, यांतील काहीही ते सांगत नाही. काम तासाच्या दराने बाहेरचा ट्रॅक्टरवाला करून जातो, आणि तणनाशक आले तेथे निंदणाऱ्या बायांची गरज कमी होते. त्यांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. परंतु त्यांचा रोजही गेला, हे ‘तणनाशक मारले’ या वाक्यातून कळत नाही.

काशा वेचणे, बी निवडणे, शेण काढणे ही विनानावाची कामे मात्र यंत्राने फारशी कमी केलेली नाहीत. जी कामे मोजली जात होती ती यंत्राकडे गेली, आणि जी कधीच मोजली गेली नाहीत ती घरच्या माणसांकडे राहिली. म्हणून कर्त्याचा प्रश्न पूर्वीपेक्षा आज अधिक निकडीचा झाला आहे.

या बाबतीत भाषाभ्यासकाचे व समीक्षकाचे कर्तव्य एकाच दिशेचे आहे. कोशकाराने ‘खुरपणी : खुरपण्याची क्रिया’ एवढे लिहून न थांबता ते काम कोण करते, कोणत्या दिवसांत करते, त्याला रोज मिळतो की नाही, हे प्रदेशवार नोंदविले पाहिजे. ज्यांनी मोट हाकली, चाड्यावर मूठ धरली, अशी माणसे अजून बोलावयास आहेत. तीही फार काळ असणार नाहीत. आणि समीक्षकाने ग्रामीण कृतीतील पावसाचे वर्णन वाचण्यापूर्वी तिच्यातील उन्हाळा वाचावा. ढेकळे तापत पडलेल्या त्या उघड्या रानात कुळवामागून कोण चालले आहे, आणि त्याच्या वा तिच्या वाट्याला वाक्यात कोणती विभक्ती आली आहे, एवढे पाहिले तरी त्या लेखकाविषयी पुष्कळ कळू शकेल.